पेट्रोलात पाणी आहे, असं मी म्हणालो

केडगावात बोटीचा मिस्त्री राहतो म्हटलं की लोक हसतात. पुणे रोडवरच्या माझ्या शेडबाहेर लोखंडी घोड्यावर बोटीची मोटर अडकवलेली असते. ती बघून एका ट्रकवाल्यानं एकदा गाडी थांबवून विचारलं होतं, "चाचा, नगरला समुद्र कधी आला?" मी म्हटलं, तुम्ही पंक्चर काढायला थांबला असाल तर शेजारच्या शेडमध्ये जा.

आमचा जिल्हा टँकरचा, चारा छावण्यांचा, हे खरं. पण याच जिल्ह्याच्या कडेकडेनं बघा. राहुरीकडं मुळा धरण, शेवगावच्या अंगाला जायकवाडीचा फुगवटा, कर्जतच्या खाली उजनीचं पाणी, आणि वर अकोले तालुक्यात भंडारदरा. एवढ्या पाण्यावर मासेमारीच्या बोटी आहेत, सरकारी बोटी आहेत, पर्यटकांच्या आहेत. त्यांच्या मोटरी बंद पडतात आणि मग कुणीतरी माझा नंबर शोधतं. माझं नाव नूरमहंमद. ओळखीचे नूरभाई म्हणतात, बाकी सगळे मिस्त्री. अडतीस वर्षं हेच केलं. आता गुडघे बोलतात, म्हणून शेड दुपारपर्यंतच उघडतो.

संपादक म्हणाले, दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लिहायला बसलो, तर गमतीच्या दोन गोष्टी आठवल्या, आणि तिसऱ्या गोष्टीनं पेन अडवून धरलं. तिच्यात गंमत नाही. ती आठवली की अजून माझं डोकं तापतं, आणि ज्यांच्यावर तापतं त्यांत मीही आहे.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बोटीच्या मागं जी मोटर लटकवतात तिची बहुतेक दुखणी पेट्रोलच्या वाटेवर असतात. वाट सरळ आहे. बोटीत एक प्लॅस्टिकची टाकी. तिच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू. टाकीतून एक रबरी नळी निघते, नळीच्या मध्ये मुठीत मावेल एवढा रबरी फुगा, पुढं मोटरीत फिल्टरची वाटी, मग छोटा पंप, मग कार्बोरेटर. मोटर सुरू करण्याआधी फुगा दाबून दाबून कडक करायचा, म्हणजे पेट्रोल पुढं पोचतं. वैद्य मनगट धरतो तसा मी आधी तो फुगा धरतो. कितीही दाबला तरी कडक होईना, म्हणजे नळी कुठंतरी हवा ओढतेय. चालता चालता चपटा होऊन बसला, म्हणजे मागून पेट्रोल येत नाही. दाबत राहिलं की मोटर चालते आणि सोडलं की मरते, म्हणजे पंप थकलाय. एवढं समजलं तर निम्मा मिस्त्री झालात.

एका पुराच्या वेळी मला जीपमधून उजनीच्या पाण्यावर नेलं. तिथं एक सरकारी बोट होती, कोरी मोटर, आणि काठावर इस्त्रीच्या कपड्यांत एक साहेब. दोन कर्मचारी सकाळपासून दोरी ओढून ओढून हाताला फोड आणून बसले होते. मोटर दोन मिनिटं चालायची आणि गप्प व्हायची. साहेब म्हणाले, "मोटर सदोष आहे असं लिहून द्या." मी बोटीत उतरलो, फुगा बघितला. पापडासारखा चपटा. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला, टाकीनं फुस्स करून श्वास घेतला आणि मोटर संध्याकाळपर्यंत चालली. टाकीत हवा जाऊ दिली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही, एवढीच बाब. स्क्रू साहेबांनीच आवळून ठेवला होता, पेट्रोल सांडू नये म्हणून. पुढं कळलं की हयगय केली म्हणून लेखी खुलासा मात्र त्या दोन कर्मचाऱ्यांना मागितला.

दुसरा मुळा धरणावरचा एक मासळी ठेकेदार. चार वेळा तीच तक्रार घेऊन आला, कार्बोरेटर भरतोय म्हणून. चौथ्या वेळी मी म्हटलं, बोटच दाखवा. बघतो तर फाटलेल्या नळीच्या जागी त्यानं ठिबक सिंचनाची नळी लावलेली. उसाला चालते तर मोटरीला का चालू नये, असं त्याचं म्हणणं. पेट्रोलनं ती आतून पिठासारखी सुटत होती. तो मात्र सगळ्यांना सांगत हिंडत होता की बोट चालवणारा गडी मोटर नीट वापरत नाही.

या दोन्ही गोष्टी मी लग्नाकार्यात सांगत आलो आणि लोक हसत आले. दोन्हींत दोष ज्याच्या हातात दोरी होती त्याच्यावर गेला, हे माझ्या ध्यानात यायला तिसरी गोष्ट घडावी लागली.

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे. मालकाला आपण विलासराव म्हणू. त्यांची मोठी बोट देवराम चालवायचा. पन्नाशीचा माणूस, पाण्यापलीकडच्या वाडीत घर, अंगानं काटक, बोलणं कमी. मोटरी यायच्या आधी तो वल्ह्यानं होडी चालवत होता. कुठल्या खिंडीतून कधी वारा सुटतो ते त्याला आकाशाकडं न बघता कळायचं.

गणपती होऊन गेले होते, तिकडं अजून सरी पडत होत्या. नाशिकचं एक कुटुंब बोटीत बसलं, सहा माणसं, त्यांत एक वयस्कर आजी. पाण्याच्या मध्यावर मोटर खोकली आणि बंद पडली. वारा सुटलेला, बोट डोंगराखालच्या खडकांकडं सरकायला लागली. देवरामनं एकुलतं वल्हं काढलं आणि दीड तास मारून सगळ्यांना काठाला आणलं. आजीला हाताला धरून उतरवलं. त्या कुटुंबानं विलासरावांना बरंच सुनावलं आणि घरी जाऊन मोबाईलवर तक्रारही टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टची गाडी मला घ्यायला केडगावात. एवढा लांबचा रस्ता, पोचायला दुपार झाली. मी फिल्टरची वाटी उघडली. तळाला पाण्याचा मणी. टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. वर पेट्रोल, खाली पाणी, मध्ये रेघ.

"पेट्रोलात पाणी आहे," मी म्हणालो.

विलासराव जवळ आले. "म्हणजे कुणीतरी घातलंय?"

मी फडक्यानं हात पुसत होतो. डोक्यात परतीचा रस्ता होता. मी म्हणालो, "आपोआप तर येत नाही."

देवराम दहा पावलांवर दोरी धरून उभा होता. त्याला ऐकू गेलं असणार. मी त्याच्याकडं बघितलं नाही. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर नवा टाकला, मोटर चालवून दाखवली आणि गाडीत बसलो. पाणी आलं कुठून हे मी शोधलं नाही. मिस्त्रीनं अर्धं काम केलं आणि उरलेलं अर्धं मालकानं आपल्या मनानं पुरं केलं.

दिवाळी झाल्यावर पुन्हा फोन. मोटर पुन्हा तशीच बंद पडतेय, गर्दीत तीनदा पडली. मी गेलो. बोटीवर नवा माणूस होता, तिशीचा, एकनाथ नावाचा. त्यानं बोट सकाळीच धुऊन लख्ख केली होती, बाकांवर अजून पाणी निथळत होतं.

विलासराव कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "पेट्रोल आता मी स्वतः ओततो. डबा माझ्या खोलीत, किल्ली माझ्या खिशात. आता सांगा, पाणी कोण घालतं?"

"देवराम कुठं आहे?"

"काढला त्याला. तुम्हीच तर पकडून दिला. पेट्रोल काढून विकायचा आणि वर पाणी टाकायचा."

"मी असं म्हणालो नव्हतो."

"आपोआप येत नाही म्हणालात ना? मग त्याचा अर्थ काय होतो?"

मी टाकीकडं वळलो. बाटलीत पाणी काढलं, तीच रेघ. मालकाच्या खिशात किल्ली असताना आलेलं पाणी. हातातली बाटली खाली ठेवून मी टाकीसमोर मांडी घालून बसलो आणि पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते करायला लागलो. नुसता बघत बसलो.

टाकीचा माथा सपाट नव्हता. झाकणाभोवती बशीसारखा खोलगट भाग होता. बोट धुतल्याचं पाणी त्या बशीत साचलेलं, झाकणाच्या गळ्यापर्यंत. मी झाकण काढलं. आतली रबरी चकती, ज्याला आम्ही वायसर म्हणतो, तीन ठिकाणी तडकलेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही ते बनतं. जुन्या जातीचं रबर त्यात कडक होतं आणि तडकतं. बाहेरून मात्र झाकण घट्ट दिसतं.

मी विलासरावांना म्हटलं, "रिसॉर्टात कपडे धुता तिथून थोडी नीळ मागवा."

"नीळ?"

"कपड्यांची."

नीळ आली. टाकी कोरडी केली, विलासरावांच्या हातानं त्यांच्याच डब्यातलं पेट्रोल ओतलं, नवी चकती न टाकता जुन्याच चकतीवर झाकण लावलं आणि बोट उभी असताना आवळतात तसा हवेचा स्क्रू आवळला. टाकी उन्हात तापू दिली. मग गार पाण्यात नीळ कालवून ते झाकणाभोवतीच्या बशीत ओतलं. तापलेली टाकी गार पडली की आतली हवा आकसते आणि टाकी श्वास आत घेते. मोटर चालताना पेट्रोल उपसलं जातं तेव्हाही, स्क्रू पुरता सैल नसेल तर, तेच होतं. झाकणाची चकती तडकलेली असेल तर त्या श्वासाबरोबर वरचं पाणी आत जातं. आम्ही चहा घेतला. अर्ध्या तासानं मी टाकीच्या तळातलं बाटलीत काढलं.

वर पेट्रोल. खाली निळं पाणी.

एकनाथ वाकून बघत राहिला. विलासरावांनी बाटली हातात घेतली, फिरवली, परत दिली. "बरं. मग वायसर बदलून टाका."

"बदलतो. पण देवरामनं पाणी घातलं नव्हतं."

"असेल. तसाही तो उलट बोलायचा."

"त्याला चोर म्हणून काढलंत तुम्ही."

"मिस्त्री, सीझन चालू आहे. विषय वाढवू नका. आणि बोलला होतात तुम्ही, मी नाही."

एवढं बोलून ते नव्या पाहुण्यांकडं हसत गेले. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं याचा जास्त आला. मी चकती बदलली. बिलावर सगळं लिहिलं: झाकणाची चकती तडकली, टाकीवर साचलेलं पाणी आत जात होतं, बोट चालवणाऱ्याचा यात काही दोष नाही. विलासरावांनी बिल वाचलं आणि म्हणाले, "एवढं कशाला लिहिता? 'सर्व्हिसिंग' लिहिलं तरी चाललं असतं." मी खोडलं नाही.

एकनाथला म्हटलं, मला पलीकडं वाडीत सोड. त्यानं एकदा मालकाच्या खोलीकडं बघितलं आणि बोट काढली. मध्यावर आल्यावर म्हणाला, "मिस्त्री, मला बी शंका हुती. पन मी नवा हाय."

देवराम खाचरात भात कापत होता. मला बघून कापणं थांबवलं नाही. त्याची बायको हिराबाई पेंढ्या बांधत होती, ती उठली, घरातून तांब्याभर पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नीळ, चकती, बाटली. माझी चूक झाली असंही म्हणालो.

देवरामनं विळा खाली ठेवला. "टाकीवर पानी साचतं, ते मला म्हायती हुतं."

"माहीत होतं?"

"रोज सकाळी फडक्यानं पुसत हुतो. पुसल्याबिगर मोटर चालूच करत नव्हतो. त्या टायमाला सैपाकी आला न्हाई म्हनून मालकानं मला दोन दिस वर भांडी घासायला लावलं. पाऊस पडत हुता. तिसऱ्या दिवशी पावनं आलं, मालक म्हनलं, चल, बोट काड. पुसू तर द्या म्हनलं, तर म्हनलं, तुजं रोजचंच हाय."

"मग मी आलो तेव्हा सांगायचं ना, देवरामदादा."

"तुमी इचारलं का?"

मी तांब्या खाली ठेवला.

"मी तितंच उबा हुतो," तो म्हणाला. "तुमी बाटलीला इचारलं, मालकाला सांगितलं. माज्याकडं बगितलं बी न्हाई."

अडतीस वर्षांत मला कुणी एवढं खरं बोललं नव्हतं. मी यंत्राला विचारायला शिकलो होतो. जो माणूस त्या यंत्राबरोबर रोज पाण्यात जातो त्याला विचारायचं मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी शिकलो नाही. तो शिकलेला नाही, त्याला काय कळणार, असं माझ्या मनात कुठंतरी होतंच. स्वतः मी आयटीआय अर्धी सोडलेला माणूस.

हिराबाईनं तांब्या उचलला. ती म्हणाली, "निस्ती नोकरी गेली असती तर चाललं असतं, भाऊ. पंचायतीची बोट बी गेली."

मग तिनं सांगितलं. पाण्यापलीकडच्या तीन वाड्यांसाठी पंचायतीला एक मोटरबोट मिळाली होती, आजारी माणसं न्यायला आणि शाळेच्या मुलांसाठी. ती चालवायला देवरामचंच नाव ठरलं होतं. पावसाळा सरला की रिसॉर्ट सोडून तो तीच चालवणार होता. तेवढ्यात रिसॉर्टवरून बातमी आली की देवरामनं पेट्रोल चोरलं, नगरच्या मिस्त्रीनं पकडलं. सरपंचांनी सभेत नाव मागं घेतलं. दुसरं कुणी त्या वाऱ्यात बोट घालायला तयार नव्हतं. बोट शेडमध्ये पडून. देवरामच्या चुलत्याला महिन्यापूर्वी ताप चढला, तर त्याला झोळीत घालून डोंगराच्या वाटेनं नेलं, अर्धा दिवस लागला. म्हातारा वाचला, पण आता उठून बसत नाही.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"मुलं चालत्यात," हिराबाई म्हणाली.

माझ्या चार शब्दांनी एवढं केलं होतं. मी काही चोरी केली नव्हती, खोटं बोललो नव्हतो. घाईत होतो. या देशात गरीब माणसाला चोर ठरवायला पुरावा लागत नाही, मिस्त्रीची घाईसुद्धा पुरते. आणि विलासरावांसारख्या माणसाला तो चोर नव्हता हे डोळ्यांनी दिसलं, तरी त्यासाठी पाच पावलं चालून जावं असं वाटत नाही.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. शरीफा म्हणाली, "सरपंचाला फोन करा." मी फोन हातात घेतला. मग तीच म्हणाली, "नको. बोललात तिथं जाऊन, तर शब्द मागंही तिथं जाऊनच घ्या."

ग्रामसभा दहा दिवसांनी होती. मी एसटीनं निघालो. संगमनेर, अकोले, राजूर, तिथून जीप. पिशवीत हत्यारं, तडकलेली चकती आणि निळ्या पाण्याची बाटली. पाण्याच्या अलीकडच्या काठावर शाळेच्या पडवीत सभा होती, साठ-सत्तर माणसं. सरपंच सुमनताई, चाळिशीच्या, समोर रजिस्टर घेऊन बसलेल्या. देवराम मागं खांबाला टेकून उभा.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. चकती हातोहात फिरली. बाटली फिरली. एक म्हातारा म्हणाला, "मालकानं लिहून दिलंय का?"

"नाही. ते देणार नाहीत. बोललो मी होतो, म्हणून आलो मी."

"म्हंजे देवराम चोर न्हाई."

"नाही. चूक माझी होती."

सुमनताईंनी चकती उलटसुलट करून बघितली. "मिस्त्री, एवढीशी वस्तू. पहिल्या खेपेला का नाही बघितलीत?"

"घाई होती, ताई."

"आमच्याकडं झोळी निघाली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मान खाली घालून रजिस्टरात लिहायला लागल्या, आणि लिहून झाल्यावर सभेला वाचून दाखवलं: देवरामवरचा आरोप खोटा होता, तसं मिस्त्रीनं समक्ष येऊन सांगितलं, बोट देवरामकडं द्यावी. हात वर झाले. मग त्यांनी स्वतःहून एक ओळ वाढवली, की सभेनंही देवरामला न विचारता नाव मागं घेतलं, ती सभेची चूक. दोघंतिघं कुरकुरले. "ऱ्हाऊ द्या ते," एकजण म्हणाला. ताईंनी ती ओळ राहू दिली.

सभा संपल्यावर देवराम माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आलाय तर मोटर बगून जावा."

बोट काठावरच्या शेडमध्ये पडून होती. मी फुग्याला हात घालणार, एवढ्यात थांबलो. म्हटलं, "तुम्ही बघा आधी."

त्यानं फुगा दाबला, पुन्हा दाबला. "कडक हुईना." मग नळीवरून बोटं फिरवत गेला, वाकवत, कान जवळ नेत. टाकीच्या टोकापाशी थांबला. "हितं हवा ओढती." मी बघितलं. उंदरानं कुरतडलेली. चार बोटं नळी कापली, पुन्हा बसवली, क्लिप आवळली. चौघांनी बोट पाण्यात ढकलली, टाकीवर त्यानं आपला गमछा फिरवला आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मोटर लागली. शाळेकडून दोन मुलं दप्तरं घेऊन पळत आली आणि तो त्यांना बसवून निघाला.

परत आल्यावर मला जीपपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तुमी आलात, बरं केलं. पन सभेला साठ मानसं हुती. राजूरच्या बाजारात हजार येत्यात."

"मालक बोलले का काही?"

"निरोप आला. सीझन हाय, ये म्हनून. मी म्हनलं, चारचौघांत सांगा मी चोर न्हाई, मंग येतो. पुन्ना निरोप न्हाई."

विलासराव आजही तसेच आहेत. रिसॉर्ट चालू आहे, बोट चालू आहे. ते आता संगमनेरहून दुसरा मिस्त्री बोलावतात, तो बिलावर 'सर्व्हिसिंग' एवढंच लिहितो असं एकनाथनं सांगितलं. मला त्याचं दुःख नाही.

सभेच्या त्या दिवशी परतताना मी राजूरच्या स्टँडवर अकोल्याच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारी किराणा दुकान. दुकानदारानं माझी हत्यारांची पिशवी बघून विचारलं, "कुठं काम काढलं होतं, मिस्त्री?"

"भंडारदऱ्याला. पलीकडच्या वाडीतल्या देवरामच्या बोटीचं."

"देवराम म्हणजे तो पेट्रोल चोरणारा?" तो गुळाची ढेप फोडता फोडता म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणाही नव्हता. 'आज मंगळवार आहे' म्हणावं, तसं म्हणाला.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "चला, अकोले." मी हात हलवून त्याला जा म्हटलं. पिशवी दुकानाच्या फळीवर ठेवली, चकती आणि बाटली बाहेर काढली आणि दुकानदाराला म्हणालो, "गूळ नंतर फोडा. बसा." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. मी पहिल्यापासून सांगायला लागलो.